बास्केटबॉलमध्ये तोंडातोंडी सुरू झाली की रेफरीने नेमकं कधी मध्ये पडायचं?

नवशिका_शिट्टीवाला, लातूर

राम राम मंडळी. मी लातूरचा, वय २६, कॉलेजात गार्ड खेळायचो, आता दोन वर्षं झाली जिल्ह्याच्या अन् इंटरकॉलेजच्या मॅचला शिट्टी घेऊन उभा राहतोय. मागच्या आठवड्यात जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहू लालोय. सेमीफायनल होती, सिमेंटचं कोर्ट, पब्लिक अगदी लाईनीला पाय लावून उभी. पहिल्या क्वार्टरपासून पांढऱ्या टीमचा सेंटर आणि निळ्या टीमचा एक फॉरवर्ड, दोघं रिबाऊंडला जवळ आले की एकमेकांच्या कानात पुटपुटायचे. मला ऐकू येत होतं. आधी "काय बे, सकाळी जेवला नाहीस का" इतपतच, मग "तुझ्यासारखे लई पाहिले", तिसऱ्या क्वार्टरला आईबहिणीवर गेलं. मी म्हणलं चार पॉइंटचा फरक आहे, मॅच रंगात आलीय, कशाला मध्ये पडायचं. चौथ्यात निळा लेअपला उडाला, सेंटरनं वरून हात हाणला, पोरगं आदळलं, मी शिट्टी मारून फाऊल सांगायला स्कोअरच्या टेबलकडं वळलो, बोटानं नंबर दाखवू लालो तोवर मागं धप्प आवाज. बघतो तर सेंटर पडलेल्या पोराला मुद्दाम ओलांडून गेलेला, पडलेल्यानं खालूनच त्याचा पाय ओढलेला, मग दोन्ही बेंच आत आणि बेंचच्या मागं पब्लिक आत. एका पोराचा ओठ फाटला, तीन टाके. मॅच तिथंच बंद.

सगळे म्हणू लालेत पोरं माजलीत. माजली असतील. पण साडेतीन क्वार्टर शिट्टी माझ्या गळ्यात होती. मला एवढंच सांगा, कुठल्या वेळेला काय करायला पाहिजे होतं?

जुनी_शिट्टी, छत्रपती संभाजीनगर

आधी त्या ओठ फाटलेल्या पोराची तब्येत कशी आहे ते कळव.

बाकी तुझ्या सांगण्यातली एक ओळ मी दोनदा वाचली, "टेबलकडं वळलो". तुझा पार्टनर तेव्हा कुठं होता?

नवशिका_शिट्टीवाला, लातूर

पोरगं ठीक आहे सर, काल भेटून आलो, आठ दिवसांत टाके काढणार. पार्टनर बॉल आणायला गेला होता, बॉल पार झाडापर्यंत गेला होता.

जुनी_शिट्टी, छत्रपती संभाजीनगर

मग सापडलं. एक रेफरी टेबलकडं तोंड करून आणि दुसरा बॉलच्या मागं, म्हणजे पाच-सात सेकंद दहा पोरांकडं बघणारं कोणीच नाही. आणि ते सेकंद कुठले, तर जोराचा फाऊल होऊन एक पोरगं जमिनीवर पडलेलं असतानाचे. मी १९९६ पासून शिट्टी मारतोय, मारामारी चालू खेळात सुरू झालेली मी फार कमी वेळा पाहिली, ती सुरू होते शिट्टी झाल्यावर. चालू खेळात पोराला बॉलकडं बघावं लागतं, शिट्टी झाली की त्याचे हात मोकळे आणि डोकं गरम. म्हणून शिट्टी वाजली म्हणजे आपलं काम संपलं असं नाही, खरं काम तिथून सुरू. बॉल कुठं पळून जात नाही, आणायला पन्नास माणसं आहेत. ज्यानं शिट्टी मारली तो टेबलकडं जाणार असेल तर दुसऱ्यानं दहाच्या दहा डोळ्यासमोर ठेवायची, पाठ कोणाकडंच करायची नाही.

आणि पडलेल्या पोराजवळ लगेच जाऊन उभं राहायचं. मी त्याच्या बाजूला उभा राहतो आणि तोंड समोरच्या टीमकडं ठेवतो, हात आडवा न करता. ओलांडून जाणारा पोरगा रेफरीला ओलांडायला जात नाही. दोन सेकंद तिथं थांबायचं, उठला, कोणी हात दिला, सगळं शांत दिसलं, मग टेबल. टेबलवाले थांबतात, त्यांना घाई नसते.

पण हे शेवटचं झालं. तुझी मॅच त्याच्या किती तरी आधी बिघडलेली होती. "जेवला नाहीस का" ला काही करायचं नव्हतं, बरोबर सोडलंस. "तुझ्यासारखे लई पाहिले" ला पुढच्या फ्री थ्रोला दोघांच्या मधून जाता जाता हळूच बोलायला पाहिजे होतं, पब्लिकला न कळेल असं. मी एवढंच म्हणतो, "मला दोघांचं ऐकू येतंय. इथून पुढं बास." नाव घेऊन बोललो तर अजून बरं, म्हणून मी मॅचआधी दोन्ही कॅप्टनची आणि दोन्ही सेंटरची नावं विचारून ठेवतो, नंबरानं हाक मारली की पोराला पोलीस बोलल्यासारखं वाटतं. आणि आईबहिणीवर गेलं तिथं बोलायचं काही राहिलंच नव्हतं. तिथं सरळ टी, म्हणजे टेक्निकल फाऊल.

पोस्ट_अप, नांदेड

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी बारा वर्षं पोस्टला, म्हणजे रिंगजवळ, खेळलोय, तोंड चालवणं हा पण खेळच आहे. अमेरिकेच्या एनबीए लीगमधला लॅरी बर्ड तर कुठून शॉट मारणार ते समोरच्याला आधी सांगून मारायचा, गॅरी पेटन बोलल्याशिवाय डिफेन्स करायचाच नाही. आपण काय कोणाला मारतो का, समोरच्याचं लक्ष उडवतो, त्याची फ्री थ्रो चुकली तर चुकली. काही रेफरी असे आहेत की नुसतं "ये ना ये" म्हणलं तरी अंगावर येतात, मग पोरं मोकळी खेळत नाहीत आणि अख्ख्या मॅचचा चार्मच जातो. उलट मला तर वाटतं बोलून मोकळं झालेलं पोरगं हात उचलत नाही.

पीटी_मास्तर, परभणी

नांदेडकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. नियम काय म्हणतो ते सांगतो, कारण आपल्याकडं बऱ्याच रेफरींना टेक्निकल म्हणजे रेफरीला उलटं बोलल्याची शिक्षा एवढंच माहीत असतं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात समोरच्या खेळाडूला डिवचणं, चिडवणं हे टेक्निकल फाऊलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रेक्षक भडकतील असे शब्द किंवा हातवारे, समोरच्याच्या डोळ्यापुढं हात नाचवणं, कोपरं जोरात फिरवणं, सगळं त्यातच येतं. शिक्षा म्हणाल तर एक फ्री थ्रो, आणि खेळ जिथं थांबला होता तिथून पुढं, बॉल ज्याचा होता त्याचाच. म्हणजे फार मोठी शिक्षा नाही. मॅच फिरत नाही, पण बजावलं जातं. दोन टेक्निकल झाले की बाहेर, दोन अनस्पोर्ट्समनलाईक (खेळाला न शोभणारे फाऊल) झाले तरी बाहेर आणि एक हा एक तो असं झालं तरी बाहेर.

याच नियमात रेफरीला मोकळीक पण दिलेली आहे. बारीकसारीक, न कळत झालेलं, खेळावर परिणाम न करणारं असेल तर सोडून द्या किंवा ताकीद द्या. ताकीद दिल्यावर परत तेच केलं तर मात्र सोडायचं नाही. आणि ताकीद एका पोराला दिली तरी ती कोचला सांगायची, मग ती अख्ख्या टीमला लागू, उरलेल्या पूर्ण मॅचसाठी. आपल्याकडं नेमकं हेच होत नाही. रेफरी पोराच्या कानात सांगतो, कोचला पत्ताच नसतो, मग टी दिला की कोच कोर्टात येऊन विचारतो माझ्या पोरानं केलं काय.

मी पोरांना कबड्डीवरून समजावतो. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे गेला. मराठवाड्यातल्या शाळेच्या पोराला ते पाठ असतं. बास्केटबॉलमध्ये कार्डं नाहीत, म्हणून पोरांना वाटतं ताकीद म्हणजे काहीच नाही.

पोस्ट_अप, नांदेड

कोचला सांगायचं हे मला खरंच माहीत नव्हतं सर. बारा वर्षांत एकदाही असं झालेलं बघितलं नाही.

लेफ्टहँड_लेअप, बीड

मुलींच्या मॅचबद्दल कोणीतरी बोला. आमच्यात आपसातलं बोलणं कमी असतं आणि असलं तरी मिटतं. आमचा त्रास लाईनीच्या बाहेरून येतो. थ्रो-इनला, म्हणजे बाहेरून बॉल आत टाकायला, लाईनीजवळ उभं राहिलं की मागून अंगावर, कपड्यावर, चालण्यावर कॉमेंट, आणि रेफरी दादा बॉल हातात देऊन मोकळे होतात. एकदा आमच्या टीममधली एक जण मागं वळून त्या मुलावर धावून गेली, टेक्निकल तिलाच लागला. नियमाने लागला असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो मुलगा शेवटपर्यंत तिथंच उभा होता, हसत. ती मुलगी पुढच्या वर्षी खेळायला आली नाही, घरच्यांनी पाठवलं नाही. तुम्ही सगळे रेफरी इथं आहात म्हणून विचारते, बाहेरच्याला गप्प करायचं काम कोणाचं?

जुनी_शिट्टी, छत्रपती संभाजीनगर

ताई, काम आमचंच. बॉल हातात देऊच नये, खेळ थांबवावा, आयोजकाला बोलवावं आणि तो माणूस मैदानाबाहेर गेल्याशिवाय मॅच सुरू करत नाही असं सगळ्यांसमोर सांगावं. मी हे तीनदा केलंय, तिन्ही वेळा आयोजक आधी कुरकुरला आणि मग गेला उठवायला. तुमच्या मैत्रिणीच्या मॅचला ज्यानं शिट्टी धरली होती त्यानं ते केलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि लातूरच्या भावा, तुलाही हेच. कोर्टाच्या लाईनीपासून दोन मीटर मोकळी जागा पाहिजे असं नियमात आहे. आपल्या उघड्या कोर्टांवर पब्लिक लाईनीवर पाय ठेवून उभी राहते आणि आपण मॅच सुरू करतो. रेफरीचा अधिकार मॅचच्या २० मिनिटं आधी कोर्टावर आल्यापासून सुरू होतो, ती २० मिनिटं मी यातच घालवतो. दोन मीटरवर चुना मारून घ्यायचा, दोरी मिळाली तर दोरी बांधायची. दोरीला कोणी अडत नाही, पण दोरी ओलांडताना माणूस एकदा विचार करतो आणि तेवढ्यात बेंच आवरता येतो.

उदगीरचा_गडी

एक गोष्ट कोणी लिहीना म्हणून मी लिहितो. आपल्याकडं "आडनाव काय रे तुझं" हे कोर्टात विचारलं जातं. फ्री थ्रो मारायला उभं राहिलं की बाजूच्या लेनमधून हळूच. माझ्यासोबत झालंय, दोनदा. त्यात शिवी एक पण नसते, रेफरीनं ऐकलं तरी त्याला वाटतं ओळख करून घेऊ लालाय. आणि ज्याला विचारलं त्याला बरोबर कळतं कशासाठी विचारलं. मी दोन्ही फ्री थ्रो चुकवल्या होत्या आणि पुढच्या रिबाऊंडला त्याला कोपर मारलं, फाऊल माझा, अनस्पोर्ट्समनलाईक. मारायला नको होतं हे मला कळतं. पण नांदेडच्या भावानं लिहिलं ना की बोलून मोकळं झालेलं पोरगं हात उचलत नाही, तर ज्याला बोललं गेलं त्याचं काय होतं ते पण बघा.

पोस्ट_अप, नांदेड

भाऊ, हे वाचून गप्प झालो. माझं ते वाक्य मागे घेतो. बर्डचं बोलणं त्याच्या शॉटबद्दल होतं, हे त्यातलं नाहीच.

पीटी_मास्तर, परभणी

उदगीरकर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. मी माझ्या रेफरी पोरांना एक साधी रेघ सांगतो. खेळाबद्दल बोलला तर ऐकून घ्या, "तुझा लेफ्ट चालत नाही", "आज एक पण शॉट पडणार नाही", चालतंय. माणसाबद्दल बोलला, म्हणजे आई, बहीण, जात, धर्म, रंग, अंग, तर ताकीद नाही, थेट टेक्निकल, आणि जातीवर उघड बोलला तर डिसक्वालिफाय करायचा अधिकार रेफरीला आहे, दुसऱ्या टी ची वाट बघायची गरज नाही. आडनाव विचारणं मी त्यातच धरतो. कोर्टावर नंबर असतो, आडनावाचं काम नाही.

नवशिका_शिट्टीवाला, लातूर

सर एक अडचण. आमच्याकडं उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात टुर्नामेंटला बिदरच्या, निजामाबादच्या टीमा येतात. अर्धं बोलणं कन्नड नाहीतर तेलुगूत. नांदेड-संभाजीनगरची पोरं दखनीत बोलतात ते निदान कळतं. जे शब्द कळतच नाहीत त्यावर टी कसा देणार?

जुनी_शिट्टी, छत्रपती संभाजीनगर

शब्दावर देऊ नकोस. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचंच सोड, ज्याला बोललं जातंय त्याच्याकडं बघ. मघापर्यंत उलट उत्तर देणारा पोरगा एकदम गप्प झाला की समजायचं काहीतरी लागलंय. मग तो बॉल सोडून माणसाच्या मागं पळायला लागतो, स्क्रीनला गरज नसताना खांदा घालतो, बॉल दुसऱ्या बाजूला आहे आणि हा इकडं चिकटून उभा. शिट्टीनंतर आपल्या बाजूला न जाता समोरच्याच्या वाटेत चालतो. हे दिसलं की पुढच्या डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला की, दोघांना वेगळं करायचं, एकाला नुसतं म्हणायचं लेस बांध. खरंच सुटलेली नसली तरी तो खाली वाकतो, दहा सेकंद जातात, डोकं थंड होतं.

आणि अजून एक, बोलण्याच्या मागं बहुतेक वेळा न वाजवलेला फाऊल असतो. रिंगखाली जर्सी धरणं, कमरेला हात, गुडघा मागून टेकवणं, हे आपण पहिल्या पाच मिनिटांत वाजवलं नाही की पोरं स्वतः हिशेब करायला लागतात. बेसलाईनवर जो लीड रेफरी उभा असतो त्यानं बॉलकडं नाही, पोस्टकडं बघायचं. हेल्ड बॉलला पण लगेच शिट्टी, दोघं बॉलला लोंबकळले की एक जण दुसऱ्याला गरकन फिरवतो आणि तिथूनच सुरू होतं. पळत जवळ जाऊन मोठ्यानं बोलायचं, "झालं, सोडा, शिट्टी झाली".

बॉलच्या मागं डोळे गेले की काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण ९ डिसेंबर १९७७ चं. एनबीएतली लेकर्स आणि रॉकेट्सची मॅच, बॉल दुसऱ्या टोकाकडं निघालेला आणि मागं दोघांची झटापट. रॉकेट्सचा रूडी टोमजानोविच ती सोडवायला धावत आला आणि लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टननं वळून त्याला ठोसा मारला. चेहऱ्याची आणि कवटीची हाडं मोडली, पोरगा मरता मरता वाचला. वॉशिंग्टनला ६० दिवस बंदी. त्याच्या पुढच्या सीझनला एनबीएनं तिसरा रेफरी लावून बघितला, खर्चापायी एका वर्षात काढला आणि १९८८-८९ पासून कायमचा आणला. आपल्याला जिल्ह्याला तिसरा रेफरी मिळत नाही, मग दोघांनी तिघांचे डोळे ठेवायचे.

फास्टब्रेक_जालना

मी रेफरी नाही, रात्री जागून एनबीए बघणारा माणूस. १९ नोव्हेंबर २००४ चं पेसर्स-पिस्टन्सचं भांडण सगळ्यांना माहीत असेल. मॅचचे ४५.९ सेकंद राहिलेले, निकाल लागल्यातच जमा, तरी पेसर्सच्या आर्टेस्टनं पिस्टन्सच्या बेन वॉलेसवर जोराचा फाऊल केला, वॉलेसनं त्याला ढकललं. मला त्यात कायम हेच दिसतं की ढकलाढकली जवळजवळ शांत होत आली होती, आर्टेस्ट स्कोअर टेबलवर जाऊन आडवा झोपला होता आणि त्याला तिथून कोणी उठवलं नाही. वरून कोणीतरी ग्लास फेकला, तो लागला आणि हा थेट प्रेक्षकांत. ८६ मॅचेस बंदीत गेल्या त्याच्या, नऊ खेळाडूंच्या मिळून १४६. म्हणजे भांडण थांबलं असं वाटतं तेव्हा पण माणसाला तिथून हलवायचं असतं.

दुसरं उलट बाजूचं. एप्रिल २००७ मध्ये टिम डंकन बेंचवर बसून हसला म्हणून रेफरी जोई क्रॉफर्डनं त्याला दुसरा टेक्निकल देऊन बाहेर काढला. लीगनं रेफरीलाच उरलेल्या सीझनसाठी घरी बसवलं. रेफरीचा स्वतःचा राग पण आवरायला पाहिजे, नांदेडकरांचं ते म्हणणं मला पटतं.

कोच_काका, धाराशिव

कोचच्या बाजूनं सांगतो. बेंचवरच्या पोरांना कोणी हा नियम शिकवतच नाही की भांडण सुरू झाल्यावर बेंच सोडून आत आलास की तू बाहेर, मग तू मारायला आलास का सोडवायला हे बघितलं जात नाही. फक्त हेड कोच आणि पहिला असिस्टंट आत येऊ शकतो आणि तो पण रेफरीला मदत करायलाच. कितीही पोरं उठली तरी कोचच्या नावावर एक टेक्निकल, आणि एकाच टीमचा बेंच उठला असेल तर समोरच्याला दोन फ्री थ्रो आणि बॉल.

मला स्वतःला हे आधी अन्यायच वाटायचं. मित्र मार खातोय आणि पोरानं बसून बघायचं? २००७ ला एनबीएत सन्सचे स्टाउडमायर आणि डायो असेच गेले, त्यांच्या टीमच्या नॅशला समोरच्या हॉरीनं ढकललं म्हणून दोघं नुसते बेंचवरून पुढं आले, कोणाला हात पण लावला नाही आणि पुढची प्लेऑफ मॅच बसून काढली. पण २ जुलै २०१८ ची फिलिपिन्स-ऑस्ट्रेलिया मॅच बघितली आणि माझं मत बदललं. बेंच आत आला, बाहेरची माणसं आत आली, खुर्ची फेकली गेली, १३ खेळाडू बाहेर, त्यात फिलिपिन्सचे नऊ. राहिलेल्या तिघांवर मॅच पुढं चालवली, मग फाऊल होऊन एकच उरला तेव्हा थांबली. फिबानं तिथल्या रेफरींना पण एक वर्ष आंतरराष्ट्रीय मॅच दिली नाही. दोघांचं भांडण दोन रेफरी सोडवू शकतात, तीस जणांचं नाही. आता मी प्रॅक्टिसलाच बेंच बसवून शिकवतो. आत काही झालं की माझा असिस्टंट बेंचपुढं हात पसरून उभा राहतो आणि मी एकटा आत जातो, तोंड आपल्याच पोरांकडं. समोरच्या टीमच्या पोराला मी कधीच हात लावत नाही, त्याचा कोच आहे.

रेफरींनी पण कोचचा वापर करावा. मला जर तिसऱ्या मिनिटाला येऊन सांगितलं की काका तुमचा आठ नंबर तापलाय, तर मी त्याला दोन मिनिटं बाहेर घेतो, पाणी पाजतो, डोक्यावर टॉवेल. टी पण लागत नाही.

नवशिका_शिट्टीवाला, लातूर

मंडळी, परवा मॅच झाली म्हणून लिहू लालोय. तेच कोर्ट. २० मिनिटं आधी गेलो, दोन मीटरवर चुना मारून घेतला, दोरी एकाच बाजूला मिळाली. नावं विचारून ठेवली. पार्टनरला सांगून ठेवलं, बॉलच्या मागं कोणी जायचं नाही. दुसऱ्या क्वार्टरला एकानं आईवरून शिवी दिली, मोठ्यानं नाही पण मी ऐकली, टी दिला. त्याच्या कोचनं हात वर केले, मी जाऊन सांगितलं काय ऐकलं ते, शब्द जसाच्या तसा. तो बसला. चौथ्यात एक पोरगं जोरात पडलं, मी त्याच्याजवळ उभा राहिलो, पाय थरथरू लाले होते माझे, पण काही झालं नाही. दोन पॉइंटनं मॅच संपली, पोरं हात मिळवून गेली.

एकच राहिलं. घरी आल्यावर स्कोअरशीटचा फोटो बघितला तर त्या टी च्या जागी टेबलवाल्यानं पी लिहिलेलं. हे आता दुरुस्त होतं का?

पीटी_मास्तर, परभणी

क्रू चीफची, म्हणजे मुख्य रेफरीची, सही झाली ना, मग शीट बंद झाली, आता खाडाखोड करू नका. टेक्निकलला टी१ लिहितात, कोचच्या वागण्याला सी१, बेंचला बी१. पी लिहिलं म्हणजे तो साधा पर्सनल धरला गेला. त्याच पोराला चौथ्यात दुसरा टी लागला असता तर शीटवर एकच दिसला असता, तो कोर्टावरच राहिला असता आणि समोरच्या कोचनं बरोबर आक्षेप घेतला असता. टी दिला की टेबलपाशी उभं राहून स्कोअररच्या पेनकडं बघायचं, लिहून होईपर्यंत. तोवर पार्टनर दहा जणांकडं बघतोच आहे.

नवशिका_शिट्टीवाला, लातूर

हो सर. रविवारी परत मॅच आहे, स्कोअरर तोच आहे, त्याला अर्धा तास आधी बोलवलंय.